तोंडापर्यंत लाकूड

खंडेनवमीला आमच्या वाड्यात घोंगडीवर विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, अडकित्ता असं सगळं मांडून झालं की सर्वांत शेवटी अण्णा तिला आणायचे. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. आई कुंकवाची कोयरी घेऊन पुढं झाली की ते हळूच म्हणायचे, "लोखंडाला लावा वहिनी. लाकडाला नको. लाकूड डाग पितं."

अण्णा माझे थोरले चुलते. गाव मंठाळ, बसवकल्याण तालुक्यातलं. काळी जमीन, तूर, ज्वारी, हरभरा. कचेरीत कानडी, बाजारात दखनी, घरात मराठी. १९४९ साली निजामाच्या मुलखातल्या जहागिऱ्या गेल्या आणि हैदराबादेतल्या हवेल्यांतून झुंबरं, गालिचे, बंदुका बाहेर आल्या. त्यातलीच ही, असं अण्णा सांगायचे. किती रुपयांना घेतली ते मात्र काकूला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मॅनलिकर शोनावर. ऑस्ट्रियातल्या स्टायर गावची, १९०३ चं मॉडेल, साडेसहा मिलिमीटरची. नळी जेमतेम दीड फुटाची, आणि नळीखालचं अक्रोडाचं लाकूड थेट तोंडापर्यंत गेलेलं. शिकारीच्या बहुतेक रायफलींचं लाकूड अर्ध्या वाटेवर थांबतं, पुढं नळी उघडी. हिची नळी मात्र कुशीत घेतल्यासारखी, टोकाला लोखंडी टोपण. तिकडचे शिकारी डोंगर चढताना अशी आखूड बंदूक पाठीवर टाकतात; खडकावर आपटली तरी नळीला ओरखडा नाही, थंडीत हाताला गार लोखंड नाही. आपल्याकडच्या जुन्या तोडेदार बंदुकांनाही लाकूड असंच पार पुढपर्यंत असायचं, आणि नळी त्याला पट्ट्यांनी आवळलेली. पोलिसांची थ्री नॉट थ्रीसुद्धा तोंडापर्यंत लाकडातच. पण ती लाकूड पांघरायची शिपायाने गणवेश घालावा तशी.

पाच काडतुसं आत फिरकीवर बसायची. खटका मागे ओढला की आवाज यायचा तो लोखंडाचा वाटायचाच नाही. रवी ताकात फिरावी तसं काहीतरी. खटक्याची मूठ चपटी, पळीच्या टोकासारखी. चाप दोन. मागचा ओढला की बारीक 'टक्', मग पुढच्याला नुसता श्वास पुरे. रिकामी करून, तीनदा तपासून, एकदाच मला तो चाप ओढू दिला होता. पुढं वाचनात आलं की आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने याच जातीच्या बंदुकीने हत्ती मारले. मला ते वाचून अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

एवढ्या लाकडाची एक खोड होती. मृग लागला की ते फुगायचं, नळीला एका अंगाने रेटायचं आणि नेम सरकायचा. वैशाखात आक्रसायचं, स्क्रू ढिले पडायचे. अण्णा एक रुपयाची कोरी नोट नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवून बघत. जिथं अडेल तिथं पेन्सिलीची खूण. मग आठवडाभर काच आणि पॉलिश कागद घेऊन ओसरीवर बसायचं, कणभर घासायचं, पुन्हा नोट. घासून झालं की जवसाचं तेल; तेही तळहातानेच, तळहात तापेपर्यंत. "फडक्याला ऊब नसती बाबा," म्हणायचे. सगळं गाव आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज करायचं, आमचे अण्णा नोटेवरून.

१९७२ साली वन्यजीव कायदा झाला. आमच्या शिवारात काळविटांचे कळप होते, हरभऱ्याचा पार फडशा पाडायचे. अण्णांनी त्यांतली किती मारली ते मी कधी विचारलं नाही. मटण खाल्लेल्या पिढीने विचारूही नये. कायदा आला तो बरोबरच आला. बिदर भागात आज काळवीट दिसतं ते त्यामुळेच, आणि ते दिसतं तेव्हा मला बंदूक आठवत नाही. अण्णांनीही कुरकुर केली नाही. पुढं काडतुसंही दुर्मीळ झाली. देशात बनणाऱ्या ३१५ बोअरचं काडतूस मुळात मॅनलिकरचंच, पण आठ मिलिमीटरचं. आमच्या नळीत ते जाणार कसं? शेवटी अकरा उरली. ती तशीच राहिली. शिकारीची वर्षं जेमतेम वीस. नुसतं तेल लावण्याची त्याहून जास्त.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा. अण्णा लुगड्यात गुंडाळून स्वतः न्यायचे, कानडी पावती घ्यायचे आणि हवालदाराला दर वेळी तेच सांगायचे, "साहेब, तोंड खाली करून ठेवा. सरळ उभी केली की तेल दस्त्यात उतरतं, लाकूड कुजतं." हवालदार हसायचे. एक-दोघांनी ऐकलंही असेल.

अण्णा गेले तेव्हा मी पुण्यात नोकरीला. मालक गेला की हत्यार जमा करायचं आणि वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा, अशी रीत. चुलतभावांना नको होती. मला हवी होती असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो. अर्ज मात्र केला नाही. फ्लॅटमध्ये कुठं ठेवणार, बायको काय म्हणेल, चकरा कोण मारणार. कारणं सगळी खरी होती.

काही वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी, ती जमा होती त्या ठाण्यात जाणं झालं. कोपऱ्यात दहा-बारा नळ्या उभ्या होत्या. तिला मी लाकडावरून ओळखलं. सुतळीने नंबराची चिठ्ठी बांधलेली, तोंड वर. दस्त्याजवळ लाकूड काळं पडून मऊ झालं होतं, आणि पुढं, अण्णा नोट सरकवायचे तिथं, बोटभर लांब चीर गेली होती. त्या फटीतून आता नोटांची गड्डी गेली असती. मी हात लावला नाही. लावू दिलाही नसता.

नळी साफ करायचा गज मात्र घरीच राहिला होता. मंठाळच्या वाड्यात मोरीच्या खिडकीला पडदा आहे, तो त्यावरच अडकवलेला आहे.