पेटीतून येणारे ग्रंथालय

जबलपूरच्या टाउन हॉलवर १९२३ साली सत्याग्रहींनी राष्ट्रीय झेंडा फडकविला. पुढे त्याच वास्तूस गांधी भवन हे नाव लाभले व ग्रंथालय म्हणून ती शहरास परिचित झाली. परंतु गुडघे धरलेल्या आजीने तेथवर कसे जावे? बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांस बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तके लाकडी पेट्यांतून खेडोपाडी विनामूल्य जाऊ लागली. आमच्याकडील मराठी मुले बहुधा हिंदी-इंग्रजीतून शिकतात. मराठी उरते ती आजीच्या तोंडी. मराठी पुस्तकांची अशी एक पेटी मोहल्ल्यात फिरू लागली, तर आजी वाचील, नातू ऐकेल आणि हळूहळू स्वतःच वाचू लागेल.