छतावर आधी काय?

ऊर्जा-परीक्षणासाठी पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये जातो, तेव्हा हल्ली एक प्रस्ताव हमखास कानावर येतो : गच्चीवरचे जुने सोलर बंब काढून टाकू आणि तिथे वीज बनवणारी पॅनेल बसवू. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर झाल्यापासून तो जास्तच ऐकू येतो. पॅनेल बसवायलाच हवीत. पण त्यासाठी चालता बंब मोडायला माझा ठाम विरोध आहे.

हिशेब मांडून पाहू. थंडीत वीस अंशांचं वीस लिटर पाणी बेचाळीस अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. म्हणजे चौघांच्या घरात अंघोळीसाठीच रोज दोन युनिट. दोन चौरस मीटरचा कलेक्टर स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिटांच्या आसपास उष्णता पाण्यात उतरवतो. तेवढ्याच जागेतलं पॅनेल दीड-पावणेदोन युनिट वीज देतं. पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. बंबाचा काळा पत्रा मात्र निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाण्याला देतो. शिवाय त्याला मोटर लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं.

उन्हाळ्यात बंबाची बरीच उष्णता वापराविना जाते आणि पॅनेलची वीज ग्रिडला देता येते, हे खरं आहे. पॅनेलच्या जोडीला हीट पंप घेतला तर वरचं अंतरही भरून निघतं. पण तो नवा खर्च आहे. ज्याचे पैसे केव्हाच वसूल झाले, तो बंब भंगारात काढायला एवढं कारण पुरत नाही.

मग रहिवासी वैतागलेले का असतात? “सोलरला गरम पाणी येतच नाही,” ही तक्रार खोटी नसते. पण दोष बहुतेक वेळा उन्हाचा नसून पाइपाचा असतो. एक इंची पाइपात दर मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. खालच्या मजल्यापर्यंत तीस मीटर पाइप असेल, तर आधीचं पंधरा लिटर गार पाणी मोरीत जातं, मग गरम येतं. गच्चीवर पाहावं तर पाइपावरचं इन्सुलेशन उन्हाने फुटून गळून पडलेलं असतं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, तर कलेक्टरच्या तांब्याच्या नळ्यांत पांढरा, खडूसारखा थर घट्ट बसलेला दिसतो. पाणी फिरायला वाटच उरत नाही.

दुसरी चूक बॅकअप कॉइलची. सकाळच्या अंघोळी उरकल्या की टाकीत थंड पाणी भरतं. ते तापवणं हे दिवसभराच्या उन्हाचं काम. पण कॉइलचं बटण चालूच राहिलं, तर ऊन चढायच्या आत वीजच ते पाणी तापवून टाकते. पहाटेपुरता टायमर लावला, की हा खर्च थांबतो.

नवी पॅनेल किती लागतील हे ठरवण्याआधी घरातली मागणीही कमी करायला हवी. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालणारे चार पंखे बदलले, तर दिवसाला दोन युनिट वाचतात, म्हणजे चौघांच्या अंघोळीइतकी वीज. टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारी मोटर, जिन्यात सेन्सरचे एलईडी दिवे, गच्चीवर पांढरी चायना मोझॅक : वरच्या मजल्याचा स्लॅब कमी तापला, की एसीही कमी चालतो. एवढं झालं की पॅनेल कमी लागतात आणि बंबाशेजारच्या जागेत मावतात.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी बचत, मग उन्हावर पाणी, आणि उरलेल्या छतावर वीज.

तुमच्या सोसायटीत हा विषय निघाला, तर बैठकीआधी एक काम करा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी चारला गच्चीवर जाऊन टाकीतून निघणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा. ते साठ अंशांच्या जवळ असेल, तर तुमचा बंब ठणठणीत आहे. पैसे पाइपाच्या इन्सुलेशनवर घाला. कमी भरलं, तर काचा पुसून, नळ्यांतला क्षार काढून घेऊन पुन्हा मोजा. बंब ठेवायचा की काढायचा, याचा ठराव हे आकडे हातात आल्यावरच करा.