शेवटची कधी घेतली?

दारू सोडायचे आपल्याकडचे रस्ते बहुतेक देवळातून जातात. कुणी पंढरपुरात माळ घालतं, कुणी आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं, कुणी कुलदैवतापुढं नारळ फोडतं. माळेनं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या माळेच्या धाकानं आणि मायेनं सरळ काढलं. त्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शपथ घेतं ते मन, आणि त्या वेळी शरीराला कुणी विचारलेलं नसतं. वर्षानुवर्षं सकाळी उठल्याबरोबर चपटीच्या आधारानं उभं राहिलेलं शरीर एका रात्रीत तिच्यावाचून राहील का, हे विचारणारी जागा वेगळी असते. मला ती थोरल्या मामांमुळं दिसली.

मामांनी आषाढीच्या तोंडावर अगदी मनापासून सोडली होती. आजीला वाटलं, विठ्ठल पावला. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम सुटला, घशाखाली घास उतरेना. मामीनं लिंबू-सरबत दिलं, कपाळाला बाम चोळला. दुसऱ्या रात्री त्यांना आकडी आली. दातखीळ बसली, डोळे फिरले. उजाडेपर्यंत गावात दोन मतं तयार झाली होती. एक, यानं चोरून घेतली असणार. दुसरं, बाहेरचं काहीतरी आहे. हे न पिण्यामुळं झालंय, असं त्या रात्री कुणी म्हणालं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

डॉक्टरांमध्येही यावर पुष्कळ काळ एकमत नव्हतं. दारुड्याला येणारी फिट आणि भ्रम दारूमुळं येतात, निकृष्ट खाण्यामुळं येतात की दारू तुटल्यामुळं, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेत लेक्झिंग्टन इथल्या डॉ. हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना चांगलं खायला घालून, जीवनसत्त्वं देऊन, आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. पोटभर खाल्लेल्या त्या माणसांनाही झटके आले, भास झाले. ती मॉर्फिनच्या व्यसनातून गेलेली माणसं होती, आणि असा प्रयोग आज कुठलीही समिती करू देणार नाही. पण मामांच्या बाबतीत गावाला जे पटलं नसतं, ते या माणसांच्या यातनांतून पक्कं झालं.

यामागचं कारण मेंदूत आहे. दारू मेंदूला गुंगवते, मंद करते. रोजच्या त्या दाबाखालीही माणूस जागा राहावा, चालावा-बोलावा म्हणून मेंदू उलट दिशेनं आपला जोर वाढवत नेतो. अडलेलं दार आपण खांद्यानं रेटत असावं आणि पलीकडून कुणीतरी एकदम कडी काढावी, तसं दारू थांबल्यावर होतं. रेटणारा आतल्या आत कोलमडतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात. फिट आली तर ती बहुधा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. आणि दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना तो भ्रम गाठतो, ज्यात ताप चढतो, नाडी धावते, दिवसरात्रीचं भान जातं. उपचार नसतील तर त्यात माणूस दगावू शकतो.

जिल्ह्याच्या इस्पितळात मामांना कॉटवर घेतलं, तेव्हा सिस्टरनं केसपेपर पुढ्यात ओढून पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली?"

हा प्रश्न मी आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आले होते. मामी तो विचारायची तेव्हा त्यात रडणं असायचं, आजोबा विचारायचे तेव्हा हात उगारलेला असायचा. मामांनी त्याचं खरं उत्तर कधीच दिलं नव्हतं. सिस्टरच्या आवाजात यातलं काही नव्हतं. तिला तास मोजायचे होते. फिटचा धोका टळला की अजून आहे, भ्रमाची वेळ कधी येऊ शकते, औषध किती लागेल, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून होतं. पुढं तिनं विचारलं, रोज किती, देशी की हातभट्टी, सकाळी उठल्याउठल्या लागते का, आधी कधी झटका आला होता का. आणि मामा चक्क खरं बोलले. आकडा त्यांनी खाली मान घालून सांगितला, पण खरा सांगितला. मामीनं पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत तिला तो पहिल्यांदाच कळत होता.

"हात पुढं करा. बोटं फाकवा." मामांनी हात पुढं केले. मी ते हात तोवर नीट पाहिलेच नव्हते. इंजिन खोलून पुन्हा जोडणारे, ग्रीसनं रेषा काळ्या झालेले, एरवी स्क्रू हरवला तर अंधारात चाचपून शोधणारे हात. आता प्रत्येक बोट वेगळं कापत होतं. सिस्टरनं आपले तळवे त्यांच्या बोटांखाली अलगद धरले आणि थोडा वेळ तसेच ठेवले. मग तिनं कागदावर आकडा लिहिला. त्या कागदावर दहा गोष्टी होत्या, आणि दर काही तासांनी कुणीतरी येऊन त्या पुन्हा विचारायचं. मळमळतंय का? अंगावर काही चालल्यासारखं वाटतंय का? दिवा डोळ्यांना जास्त लागतोय का? आज वार कोणता? गुण वाढले की गोळी वाढायची. ती क्लोरडायझेपॉक्साइडची गोळी होती. दारू मेंदूला जिथं शांत करते जवळपास तिथंच ती शांत करते, आणि मग रोज थोडी थोडी कमी करत आठवड्याभरात काढून घेता येते. ज्यांचं लिव्हर फार बिघडलेलं असतं, त्यांना वेगळी गोळी देतात.

सलाईन लावायच्या आधी पिवळसर इंजेक्शन दिलं गेलं. मामीनं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "हे आधी, साखर नंतर." दारूनं शरीरातलं थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, आटवलेलं असतं. ते नसताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नजर हलते, तोल जातो, आठवण पुसली जाते. स्वस्तातलं एक जीवनसत्त्व योग्य वेळी दंडात गेलं, म्हणून कुणाला उद्या आपल्या मुलीचं नाव आठवतं. हे कळल्यापासून इंजेक्शनची ती छोटी कुपी मला फार मोलाची वाटते.

तरी भ्रमाची रात्र आलीच. मामा चादरीवरून मुंग्या वेचत होते. एकेक चिमटीत धरायची, कॉटखाली टाकायची, पुन्हा पुढची. वर्कशॉपमधल्या कुणाला तरी हाका मारत होते, सुई उपसायला बघत होते. शेवटी त्यांचे हात मऊ बँडेजनं कॉटला बांधावे लागले, आणि मामी ओक्साबोक्शी रडली. तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरनं बँडेजखाली आपली दोन बोटं सरकवून पाहिली. आवळलं तर नाही ना, रक्त फिरतंय ना. दर थोड्या वेळानं ती येऊन ती बोटं सरकवायची आणि सांगायची, "मामा, तुम्ही दवाखान्यात आहात. मामी इथंच आहेत. मुंग्या नाहीत, बरं का." तेच वाक्य, त्याच सुरात. बांधण्यातही इतकी काळजी असू शकते, हे मी त्या रात्री पाहिलं.

शेजारणींना मात्र मामीनं "पोटाचं दुखणं आहे" असंच सांगितलं होतं. ही लाज फार जुनी आणि साता समुद्रांपलीकडचीही आहे. 1939 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये भरतीचं काम पाहणाऱ्या सिस्टर इग्नेशिया यांनी दारूच्या रुग्णांना दाखल करताना 'तीव्र जठरदाह' असं निदान लिहायला सुरुवात केली, कारण दारुड्यांना कॉट द्यायला इस्पितळं राजी नसत. त्यांच्यासोबत होते डॉ. बॉब स्मिथ, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या दोन संस्थापकांपैकी एक. दारातून आत घेण्यासाठी एका ननबाईनं पोटाचा आडोसा केला, आणि त्या आडोशानं कितीतरी माणसं वाचली. मामीच्या बोलण्याचा मला म्हणूनच राग आला नाही.

भ्रम ओसरला, तशी एका सकाळी मामांना भूक लागली. उप्पीट खाल्लं, चहाचा कप स्वतः धरला. घरच्यांना वाटलं, झालं, सुटली. डॉक्टरांनी तिथंच सावध केलं. शरीर मोकळं झालं, आता मनाचं काम सुरू होईल, आणि ते लांबचं आहे. महाराष्ट्रात हे काम कसं करायचं, याचा धडा पुण्यात घालून दिला गेला. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी पुढं केली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. तिथं गटात बसून बोलणं आहे, व्यायाम आहे, आणि पत्नींसाठी 'सहचरी' गटही आहे. कारण नवरा पीत असताना बायकोही आजारी पडत जाते, फक्त तिचा केसपेपर कुणी काढत नाही.

मामा पुढं एका दिवाळीत घसरले. पण या वेळी ते स्वतःहून म्हणाले, "मला ॲडमिट करा. घरी एकदम बंद करायला नको." त्या वाक्यात मला सगळा उपचार दिसला. वॉर्डात त्यांना कुणी "परत आलात का" म्हटलं नाही. पुन्हा तोच कागद, तीच दहा कलमं, तेच आधी इंजेक्शन आणि मग सलाईन. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण कुणाला नालायक ठरवत नाही. हा आजारही उलटतो, आणि उलटला की पुन्हा उपचार करायचे असतात.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019 साली आला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो, आणि इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळतो तो 180 जणांमागे एकाला. उरलेले कुठं असतात? घरात कोंडलेले, वाड्यावर बांधून ठेवलेले, किंवा कालपासून बंद म्हणून कौतुक ऐकत एकटेच कापत बसलेले. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यांच्यासाठी हक्काच्या कॉट असाव्यात, तिथल्या सिस्टरांना यासाठी वेगळं शिकवलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. आणि तुमच्या घरात रोज पिणारं कुणी "आता बस" म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा, त्याला एकट्याला एकदम थांबवू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टरांना काही लपवू नका. पुढचे काही दिवस त्याच्या निर्धाराला औषधाची जोड लागणार आहे, आणि ती मागण्यात कुणाचंच काही कमी होत नाही.