फियाटचा उच्छ्वास

जुन्या गाडीचं खरं वय पाहायचं तर गॅरेजच्या खड्ड्यात उतरावं लागतं. वर रंग ताजा असतो, क्रोम चकाकत असतं. खाली सायलेन्सरला बोट लावावं तर गंजाचे पापुद्रे हातात येतात. माझी गाडी प्रीमियर पद्मिनी. जन्म कुर्ल्याचा, वंश तुरीनच्या फियाट ११००चा. तिच्या पोटाखालचा तो झिजलेला पाईप पाहिला की माया दाटून येते, कारण हा गंज मुंबईच्या खाऱ्या हवेइतकाच तिच्या स्वतःच्या श्वासाचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात पाईप तापतो आणि वाफ निघून जाते. दादर-माटुंगा एवढ्याच फेऱ्या घडल्या तर ती सायलेन्सरमध्येच निवते, साचते आणि पत्रा आतून खाते. कमी चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर जातो, तो असा.

तयार सायलेन्सर पातळ पत्र्याचे मिळतात. मला मात्र तिच्या मापाचा, स्टेनलेस स्टीलचा, हातानं घडवलेला हवा होता. हौस होतीच, पण त्या हौशीमागे एक सुंदर शास्त्रही आहे. १०८९ सीसीचं हे इंजिन. चार सिलिंडर १-३-४-२ या क्रमानं पेटतात. प्रत्येक वेळी जळालेल्या वायूचा एक झोत नळीत सुटतो आणि धावताना मागे कमी दाबाची पोकळी ठेवतो. नेमक्या त्या क्षणी आतले-बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतील, तर ती पोकळी उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्याची वाट देते. प्राणायामातला रेचक पुरा झाला की पूरक आपोआप भरतो, तसं हे आहे. म्हणून नळी फार अरुंद नको, इंजिन गुदमरतं. फार रुंदही नको, झोत मंदावतो आणि कमी वेगातली ओढ जाते. एवढ्याशा इंजिनाला दीड इंचाच्या आसपासची नळी शोभते.

या वंशाला ही हौस जुनीच. व्हिएन्नात १९०८ साली जन्मलेल्या कार्लो आबार्थनं १९४९मध्ये इटलीत आपली कंपनी काढली, स्वतःच्या वृश्चिक राशीचा विंचू चिन्ह म्हणून घेतला आणि फियाटच्या छोट्या गाड्यांसाठी एक्झॉस्ट बनवून विकले. ते घेणारे बहुतेक साधे पगारदार. शर्यतीची गाडी परवडत नाही, पण तिचा थोडा प्राण आपल्या गाडीत यावा, ही त्यांची इच्छा मला फार जवळची वाटते.

माझं हे काम करणारा वेल्डर घाई करत नाही, म्हणून मला आवडतो. मॅनिफोल्डचे जुने नट तो तापवून, निववून, पुन्हा तापवून सोडवतो. नवे बसवतो ते पितळी, म्हणजे पुढच्या वेळी स्टड तुटणार नाहीत. बेंड जुळवून आधी नुसते टाके मारतो. मग पाईप गाडीखाली टांगून इंजिन हातानं हलवून पाहतो. इंजिन रबरावर डुलतं, मागचा अ‍ॅक्सल खड्ड्यात उसळतो. दोघांनाही जागा हवी. सगळीकडून बोटभर मोकळीक दिसली की पक्कं आर्गन वेल्डिंग. त्या वेळी पाईपच्या आतही आर्गन भरावा लागतो, नाहीतर जोड आतून काळा आणि दाणेदार होतो. गाडीच्या मालकाला तो कधीच दिसणार नसतो. तरी वेल्डर तो नीट करतो.

राहिला आवाज. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला सुमारे २७ ठोके देतं, तीन हजारांवर १००. सायलेन्सरमधल्या भोकांच्या नळीभोवतीची काचलोकर कर्कश सूर पिऊन घेते आणि खालचा खर्ज तेवढा उरतो. तो मला हवा होता. कान फाडणारी फायरिंग नको होती. नियम सायलेन्सर मागतो, आणि माझ्या गल्लीत तान्ही बाळं झोपतात, आजारी माणसं झोपतात. गाडीचं प्रेम त्यांच्या झोपेवर पोसू नये.

शेवटी कार्ब्युरेटरचं मिश्रण पुन्हा जुळवलं आणि प्लगवर कॉफीसारखा तपकिरी रंग आला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वी कुंथणारी गाडी आता दमदार ओढते.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. कारखाना त्याच्या कितीतरी आधी थांबला. या गाड्यांचे सुटे भाग आता मूळ कंपनीकडून यायचे नाहीत. एका गाडीखाली उभं राहून, तिच्याच मापानं नळी वळवणारे हात त्यांना चालतं ठेवणार आहेत. त्या हातांना घासाघीस न करता पूर्ण मजुरी द्यावी, आणि त्यांच्या शेजारी शिकायला उभ्या असलेल्या पोराला आपलं काम निर्धास्तपणे करू द्यावं. जुन्या गाडीवर प्रेम करायचं तर एवढं आपल्याकडून झालंच पाहिजे.