दातदुखी आणि सन्मान

दुखणे सांगता न येणाऱ्या मुलाचे जेवण नाकारणे हीच त्याची तक्रार असते. आमच्या स्वमग्न मुलाचे हातपाय धरून दात काढणे आम्हांस असह्य होते. टोकियोत ईदाबाशीला अपंगांच्या दंतोपचारासाठी स्वतंत्र सार्वजनिक केंद्र आहे. अशा उपचारात आधी चित्रांनी प्रत्येक पायरी समजावतात. तेवढ्याने न भागल्यास नाकावाटे नायट्रस ऑक्साइड किंवा शिरेतून गुंगीचे औषध देतात आणि नाडी व रक्तातील प्राणवायूवर सतत लक्ष ठेवतात. आमच्या मुलाला कोणी धरले नाही. १ एप्रिल २०२४ पासून जपानमधील खासगी दवाखान्यांवरही अपंगांची वाजवी सोय करण्याचे कायदेशीर बंधन आहे. बाबासाहेबांनी आपल्याला दयेची नव्हे, हक्काची भाषा शिकवली. म्हणून गुंगीची सोय आहे का, हे निःसंकोच विचारावे.