नीरो आणि हुर्राक

वकिलाच्या व्यवसायात सीमारेषेला फार महत्त्व आहे. शेताची हद्द, दाव्याची मुदत, सज्ञानतेचे वय, यांपैकी कुठेतरी रेघ ओढल्यावाचून न्याय करता येत नाही. निसर्गाला मात्र अशा रेघा ठाऊक नसतात. काजूच्या बोंडूच्या रसाची चव घेताना हा विचार माझ्या मनात प्रकर्षाने आला.

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोव्याचा सत्तरी तालुका लागतो. गेल्या चैत्रात तेथील एका स्नेह्यांच्या बागायतीत जाण्याचा योग आला. आपोआप गळून पडलेले लाल-पिवळे बोंडू तेवढे वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, बोंडू दगडी कुंडात पायांनी तुडवायचे आणि उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर जड धोंडे ठेवायचे, असा तेथला क्रम. त्या भाराखाली जो नितळ रस ठिबकतो, तो नीरो. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी तो पेल्यात भरून पुढे केला. पहिल्या घोटाला मधाची गोडी. दुसऱ्या घोटाला तुरटपणा जिभेला अलगद आवळून धरतो. त्या म्हणाल्या, "वकीलबाब, हो सकाळींच पियेवंक जाय, सांजवेळार न्हय."

या एका वाक्यात सारे रसायनशास्त्र आले. उन्हाबरोबर रस आंबू लागतो, त्यावर बुडबुडे येतात. दोन-तीन दिवसांनी तो भट्टीवर चढतो. पहिल्या ऊर्ध्वपातनात निघतो तो हुर्राक, मद्यार्क सुमारे १५ टक्के. तोच आंबलेल्या रसासह पुन्हा भट्टीवर चढला की फेणी, सुमारे ४२ टक्के. आमच्या घराण्यात तीर्थापलीकडे आचमन नाही. परंतु ज्या वस्तूवरून न्यायालयात युक्तिवाद करायचा तिची चव अगदीच अपरिचित असू नये, म्हणून हुर्राकाचा एकच घोट घेतला. आधी आला तो पिकलेल्या फळाचा किंचित धुरकट वास. गोडी पार लोपलेली, तुरटपणाची केवळ आठवण, आणि घशात ऊब.

मग मनात कायदा जागा झाला. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते आणि तेथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. घाटाखाली १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल. एकच रस खाली शेतकऱ्याचे उत्पन्न, वर गुन्ह्यातील मुद्देमाल! घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा आजही राज्यांचा विषय. म्हणून गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळते, आणि निपाणीहून पलीकडे कागलात शिरताच पिणाऱ्यापाशी परवाना हवा, असे महाराष्ट्राचा कायदा सांगतो.

परदेशांतही वनस्पतीचा रस असाच कधी औषध, कधी मद्य झाला आहे. १७७३ साली कॅप्टन कुकने न्यूझीलंडच्या डस्की साउंड खाडीत तेथील वृक्षांच्या पाल्याची बिअर काढली, ती खलाशांना स्कर्व्हीपासून वाचवण्यासाठी. थंड देशांत स्प्रूस वृक्षाचे कोवळे शेंडे घालून आजही फिक्या रंगाची बिअर करतात; तिथे ती आता औषध नव्हे, रसिकांची हौस आहे.

वाचकहो, आंबणे हा मुळातच दोष असता तर पंचामृतात दह्याला स्थान मिळाले नसते. तरीही पोटगीसाठी माझ्या कचेरीत येणाऱ्या भगिनींच्या हकिगतींत बाटली वारंवार येते. पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी येणारा नवरा त्यांनी पाहिलेला असतो. त्यांच्यासमोर बसून हुर्राकाचे रसग्रहण करण्याचे धैर्य मला होणार नाही. मद्यनिषेधाचा निर्देश देणारा घटनेचा ४७ वा अनुच्छेद मला अशा वेळी पुस्तकी वाटत नाही.

कायद्याला प्रत्येकाच्या माजघरात बसता येत नाही. म्हणून त्याची रेघ जाड, आणि घाटाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. मातोश्रींची रेघ सूर्याच्या चालीवर बेतलेली होती. ती कोणत्याही राजपत्रात छापलेली नाही. पण ज्या घरात ती पाळली जाते, त्या घरची सून पोटगीचा अर्ज घेऊन माझ्याकडे येण्याचा संभव फार थोडा.