उंचीचे सुख

उंच दिसण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. पूर्वी तो मोठे पागोटे बांधी, पुढे टाचांचे जोडे घालू लागला, आणि हल्ली तो आपली जीपगाडी उंच करून घेतो. आमच्या मेहुण्यांनी यंदा नेमके तेच केले.

मेहुण्यांची जीप १९७८ सालची. नाकाड उंच, पण बांधा आखूड; पुढच्या आणि मागच्या आसांत अवघे ८० इंच अंतर. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ साली काढलेल्या सीजे-३बी नमुन्याची आणि आपल्याकडे महिंद्रांनी घडवलेली. भोरपलीकडच्या आमच्या गावचा रस्ता ऐन पावसाळ्यात हिच्याखेरीज कोणाला दाद देत नाही. महिन्यातून एकदा माझ्या आईला डॉक्टरांकडे नेते तीही हीच. आईचे वय चौऱ्याहत्तर, आणि कंबर तिच्याहून थोरली. तेव्हा ही जीप म्हणजे आमच्या घरात शोभेचा नव्हे, काळजीचा विषय.

दगडांवर गाडीचे पोट घासते म्हणून एका गॅरेजवाल्याने ती उचलून दिली. युक्ती सोपी असते. जीपचा देह पोलादी कमानपाट्यांवर तोललेला असतो. प्रत्येक पाट्याचे एक टोक सांगाड्याला पक्के, तर दुसरे एका झुलत्या दुव्यावर असते. त्याला शॅकल म्हणतात. तो चार इंचांनी लांब केला की गाडी दोन इंच वर येते. एकच टोक हलते, म्हणून लाभही निम्माच! तेवढ्याने मेहुण्यांचे समाधान होईना, तेव्हा प्रत्येक जुडग्यात एकेक जाड पाटा वाढवण्यात आला. गाडी खरोखरच रुबाबदार दिसू लागली.

पहिल्याच फेरीत आई म्हणाली, "अरे, मी काय पोहे आहे, असं कांडायला?"

आईचे म्हणणे यंत्रशास्त्राला धरून होते. पाटा वाकतो, म्हणून खड्ड्याचा हिसका तिथेच जिरतो. हलक्या जीपखाली जाड पाटा घातला, तर तिच्या वजनाने तो वाकतच नाही, आणि प्रत्येक दगड थेट बसणाऱ्याच्या मणक्याशी बोलू लागतो. त्यात शॉक-अॅब्सॉर्बर जुन्याच लांबीचे. उंच गाडीखाली ते आधीच ताणलेले. चाक खड्ड्यात उतरले की 'खट्' करून हिसडा देत. लांब शॅकलमुळे पुढचा आस किंचित पुढे कलला होता, म्हणून वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ होईना. उंचावलेला देह वळणावर झुके तो निराळाच. आधीच आखूड बांधा. पुढची चाके दगडावर तर मागची खड्ड्यात, असा झोपाळा सतत चालू. त्या उंच पायरीवर चढायला आईला स्टूल लागू लागले.

पुढच्या महिन्यात आई गाडीत बसलीच नाही. डॉक्टरांची फेरी चुकली. तेव्हा मात्र मेहुणे मुकाट्याने भोरच्या एका कमानपाटेवाल्याकडे गेले.

त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने जुडगी सोडवून आमच्यासमोर मांडली. म्हणाला, "सर, पाट्यावर पाटा सरकला पाहिजे. हे गंजून एकमेकांना चिकटलेत. दिसतात अनेक, पण वागतात एका लोखंडी फळीसारखे." दुसरी गोष्टही त्याने दाखवली. इतक्या वर्षांत मूळ पाट्यांची कमान बसून ते जवळजवळ सपाट झाले होते. त्यामुळे गाडी उंच करण्यापूर्वीदेखील खड्ड्यात आस वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळत असे. म्हणजे उंचीची गरज खोटी नव्हती. हवी होती ती हरवलेली उंची. घेतली गेली ती उसनी.

जाड पाटे काढले, शॅकल मूळ लांबीचे लावले, पाट्यांना घणाने ठोकून पुन्हा कमान दिली, गंज खरवडून मध्ये ग्रीस भरले, झिजलेले बुश बदलले आणि नवे शॉक-अॅब्सॉर्बर मापाने घेतले. गाडी पाटे बसले होते तेव्हापेक्षा उंच, पण रुबाबापेक्षा ठेंगणी झाली.

मी मराठी शिकवतो. 'लवणे' या क्रियापदाविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. मोडणे आणि ताठ राहणे यांच्या मधली ही मोठी शहाणी जागा आहे. वाहनाचे सुख त्याच्या उंचीत नसते. चाकाला वरखाली व्हायला किती वाव आहे, आणि त्या वावात पाटा किती लवतो, यात असते. उंची देताना हे दोन्ही राखले तर उंच गाडीही सुखाने चालते. पण आपण बहुतेक वेळा उंची मापतो, कारण ती मापायला सोपी असते.

गेल्या महिन्यात आई डॉक्टरांकडे जाऊन आली. उतरताना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दुखतं मेलं, पण सोसवतं." मेहुणे अजून थोडे खट्टू आहेत. येणारे-जाणारे आता त्यांच्या जीपकडे वळून बघत नाहीत.